कांद्यानंतरची सफरचंदं

एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. आमच्या मॅडम गेली कित्येक वर्षं येईल-जाईल त्याला एका जर्मन प्राध्यापकांचा कौतुकाचा निरोप सांगतात. तो निरोप कुणी पाठवलाच नव्हता. तो मी रचला. नेरुळला त्यांच्या घरी, पलंगाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, चहाचा कप हातात असताना रचला. मी मुळात कमी बोलणारा माणूस. खोटं बोलायची सवय नाही, कारण बोलायचीच नाही. पण त्या दिवशी तोंडातून जे निघालं ते इतकं सुरेख निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

मॅडम म्हणजे आमच्या सूची विभागाच्या प्रमुख. महाप्याला आमचं ऑफिस. बाहेर टँकर आणि धूळ, आत एसी आणि जर्मन. तिकडच्या प्रकाशकांची जाडजूड पुस्तकं पानं लावायला आमच्याकडे येतात. पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते, कुठला शब्द कुठल्या पानावर आहे ते सांगणारी. तिचे शब्द निवडून ते अक्षरांच्या क्रमाने लावायचे, एवढंच आमच्या विभागाचं काम. ऐकायला सोपं आहे. मलाही तसंच वाटायचं.

भानगड टिंबांची. जर्मनमध्ये ए, ओ आणि यू या तीन अक्षरांच्या डोक्यावर कधीकधी दोन-दोन टिंबं बसतात. टिंबवाल्या अक्षराने सुरू होणारा शब्द सूचीत कुठे ठेवायचा? त्याच्या दोन रीती. एक शब्दकोशाची : टिंबं नाहीतच असं समजायचं, टिंबवाला ए साध्या ए-बरोबर. दुसरी टेलिफोन डिरेक्टरीची : टिंबं काढून मागे एक ई जोडला आहे असं समजायचं. रीत बदलली की शब्दाची जागा बदलते. आणि पोट सुटलेल्या बी-सारखं दिसणारं एक अक्षर आहे, ते खरं म्हणजे दोन एस. मॅडम त्याला 'पोटुशी' म्हणत. नवीन मुलगी कामाला लागली की तिला पहिला धडा : "ही पोटुशी आहे. आत दोन जीव आहेत. दोघांची जागा मोज."

मला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "क्ष कुठं बसतो?"

मी म्हटलं, "शेवटी. क्ष, ज्ञ."

"शाळेच्या तक्त्यात. शब्दकोशात?"

मला माहीत नव्हतं.

"एखाद्या शब्दकोशात क-च्या घरात, एखाद्यात सगळ्यांच्या मागं. दोन्ही खरे. पण एका पुस्तकात एकच रीत. आणि ती आपण नाही ठरवायची. कुणी?"

"क्लायंटने."

"क्लायंट गेला खड्ड्यात. लेखकानं!"

हा त्यांचा दंडकच होता. लेखकाला विचारल्याशिवाय पहिला शब्द जागचा हलवायचा नाही. लेखक गाठता आला नाही तर त्याने पुस्तकाच्या शेवटी संदर्भग्रंथांची जी यादी दिली असेल ती काढायची, त्याने स्वतः टिंबवाली आडनावं कुठे बसवलीत ते बघायचं आणि तीच रीत उचलायची. या चौकशीत दोन दोन दिवस जात. मॅनेजर कपाळावर हात मारून घेई. "मॅडम, सॉफ्टवेअर आहे ना, एका क्लिकमध्ये सॉर्ट होतंय." त्यावर मॅडमचं ठरलेलं उत्तर : "कॉम्प्युटरला पंगत वाढता येते, बसवता येत नाही."

ऑफिसात त्या छापील मराठी बोलत. चिडल्या किंवा खूश झाल्या की मराठवाडा वर येई. "काय करायलास रे?" असं मागून ऐकू आलं की यातलं कुठलं ते ओळखायला मान वळवावी लागे. विनयाचा मात्र त्यांना वाराही लागला नव्हता. "ठाण्यापासून पनवेलपर्यंत हे काम येणारी मी एकटी," असं त्या चहावाल्यालाही सांगत. जर्मन त्या नोकरीत असतानाच शिकल्या होत्या, क्लासला जाऊन, मुलगा शाळेत जायला लागल्यावर. बोलायची वेळ आली की फारसं येत नसे, पण टिंबं त्यांच्या नजरेतून सुटत नसत.

क्रमाचं हे वेड घरीही चालू. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकांनी, म्हणजे त्यांच्या मिस्टरांनी, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. काका तळोज्याच्या एका केमिकल कंपनीतून ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले, शांत गृहस्थ. म्हणाले, "बघा साहेब. ओवा, खसखस, जिरं, तीळ, धने, बडीशेप, मोहरी, हळद, हिंग. फोडणी करायची तर आधी बाराखडी म्हणावी लागते. तोवर तेल जळतं."

मीठ तेवढं रांगेत नव्हतं. मी विचारलं. आतून मॅडमचा आवाज आला, "ते पानापानावर असतं. त्याची काय सूची करायची?"

नवी मुंबईतल्या सेक्टरांवर त्यांचा कायमचा राग. या आकड्याच्या सेक्टरशेजारी भलत्याच आकड्याचा सेक्टर कसा काय येतो, हे लावलं कुणी, म्हणून रिक्षात बसल्या की सुरू. रिक्षावाल्याला वाटे बाई पालिकेतली असणार. सारसोळे गावातली एक मावशी त्यांच्या दारावर मासळी घेऊन यायची. एकदा मी तिथे असताना ती टोपली उतरवत म्हणाली, "पापलेट हाय, बोंबील हाय, सुरमय हाय. कंचा देऊ?"

मॅडम खूश. "क्रमानं सांगितलंस! थोडं थोडं तिन्ही दे."

मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "ही ताय म्हावरा खाते का वाचते रं?"

मुलाच्या लग्नात त्यांनी स्टेजवर फोटोसाठी पाहुण्यांना आडनावांच्या क्रमाने बोलवायला लावलं होतं. अ-वाले जेवायच्या आधी मोकळे, श-वाले ताटकळलेले. आमच्या ऑफिसातले क्षीरसागर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, मी क-मध्ये येऊ का शेवटी?" मॅडमनी क्षणभर विचार केला. "जेवण गरम आहे तोवर क-मध्ये या."

हसत होतो आम्ही सगळे. पण त्या लग्नात पंगत बसली तेव्हा मी एक पाहिलं. वाढायला त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि पहिलं पान त्यांनी हॉल झाडणाऱ्या बायकांना मांडलं. वऱ्हाडातलं कुणीतरी कुरकुरलं. मॅडम पातेलं घेऊन पुढे गेल्या. नंतर कधीतरी, जेवणाच्या सुट्टीत, माझ्या तोंडून सहज निघालं की टिंबवाले शब्द सगळे शेवटी टाकले तर काय बिघडतं, वेगळा गट करून. त्यांनी डबा बंद केला. म्हणाल्या, "गावाकडं आमची पंगत वेगळी बसायची. सगळ्यांचं उरकल्यावर. शेवटी बसवणं काय असतं ते मला नको सांगू." मग डबा परत उघडला आणि मला अर्धी भाकरी दिली. विषय संपला. पुन्हा कधी निघाला नाही.

हे मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला एवढी वर्षं गेली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. एका डोळ्याचं झालं, दुसरा अजून धूसर. डॉक्टरांनी वाचन, स्क्रीन सगळं बंद केलं. नेमकं तेव्हाच औषधी वनस्पतींच्या इतिहासाचं एक मोठं पुस्तक हातात होतं. मॅडमनी ते महिनोन्महिने जपलेलं, प्रत्येक पानावरचे शब्द स्वतः निवडलेले. फक्त क्रम लावायचा राहिला होता. जाताना मला म्हणाल्या, "लेखकाला विचार. मग हात लाव."

मी विचारलं नाही. मॅनेजर मागे लागला होता हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. मला दाखवून द्यायचं होतं की हे दोन दिवसांचं सोवळं फुकटचं आहे. एका क्लिकमध्ये सूची लावली, वरवर नजर टाकली, पाठवून दिली.

सॉफ्टवेअरला जर्मन रीत सांगितलीच नव्हती. त्याने आपल्या मनाने टिंबवाली सगळी मंडळी झेडच्या पलीकडे नेऊन बसवली. जर्मनमध्ये कांद्याचा शब्द झेडने सुरू होतो. म्हणजे माझ्या सूचीत कांदा संपला, की मग सफरचंदं, मग तेल, मग मळमळ. ए-ओ-यूची लेकरं, दाराबाहेर ओळीने उभी. आणि ज्यांच्या पोटात कुठेतरी टिंबं होती ते शब्दही आपापल्या घरात सगळ्यात मागच्या खोलीत.

चार दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. लेखक वयस्कर प्राध्यापक होते, पांढरे केस, स्वेटर. ते जर्मनमध्ये बोलत आणि प्रकाशकांकडची एक मुलगी इंग्रजीत सांगे. आरडाओरडा काही नाही. त्यांनी पानं पुढेमागे केली आणि एकच विचारलं, "ज्याने हे लावलं त्याने पुस्तक उघडलं तरी होतं का?"

 मग मॅनेजर म्हणाला, आम्ही बघतो.

त्याच संध्याकाळी नेरुळला गेलो. कबूल करायचं म्हणूनच गेलो होतो, हे खरं सांगतो. मॅडम काळा चष्मा लावून पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पाऊल वाजलं तसं म्हणाल्या, "आलास? कॉल झाला ना आज? काय म्हणाले?"

काका चहा घेऊन आले. म्हणाले, "सकाळपासून तेच चाललंय. काय म्हणाले असतील, काय म्हणाले असतील. आता सांगा एकदाचं, मलाही बातम्या बघू द्या."

तो काळा चष्मा माझ्याकडे वळला होता. त्यामागे काय आहे ते दिसत नव्हतं. आणि मी म्हणालो, "प्राध्यापक म्हणाले, इतकी पुस्तकं लिहिली, पण माझं पुस्तक आजवर इतक्या मायेनं कुणी वाचलं नव्हतं. ज्यांनी सूची लावली त्यांना माझा नमस्कार सांगा."

प्राध्यापकांनी कॉलवर जे विचारलं होतं तेच मी उलटं करून दिलं. बाकी माझी काही कला नाही.

मॅडम उशीवरून सरळ झाल्या. मग काकांना म्हणाल्या, "ऐकलं का ओ? नमस्कार सांगितलाय." काका म्हणाले, "ऐकलं. आता साखर तरी घाल चहात, आनंदाची." त्या हसल्या. एवढं लहान मुलीसारखं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी चहा पिऊन निघालो. जिना उतरतानाच वरून ऐकू आलं, त्या सुनेला फोनवर सांगत होत्या.

आता सूची तर दुरुस्त करायलाच हवी होती. नुसती जर्मन रीत निवडून भागत नव्हतं. कुठली रीत? आणि पुस्तकात जुनी माणसं होती, काहींचं घराणं आडनावाला टिंबं देतं, काहींचं मुळातच ई लावून लिहितं. कोण कुणाशेजारी बसणार? मला एकही निर्णय छातीठोकपणे घेता येईना. शेवटी सगळ्या गोंधळलेल्या शब्दांचे कागद घेऊन पुन्हा नेरुळला गेलो. म्हटलं, "मॅडम, त्याच पुस्तकाचा दुसरा खंड आलाय. मी वाचतो, तुम्ही सांगा." हे दुसरं खोटं. पहिल्याने त्याला बोलावून आणलं.

"लेखकाला विचारलंस?"

"ते गावाला गेलेत." तिसरं.

"मग मागची यादी वाच. ओ-वरून."

मी संदर्भग्रंथांची यादी वाचली. त्यांनी दोन-चार आडनावांवरच थांबवलं. "टिंबं मानत नाहीत हे. शब्दकोशाची रीत. चल."

तीन दुपारी तसं चाललं. मी शब्द वाचायचा, स्पेलिंग सांगायचं, टिंब कुठे ते सांगायचं. त्या काळ्या चष्म्याआड डोळे मिटून ऐकायच्या आणि चादरीवर तळवा फिरवायच्या, जणू समोर चिठ्ठ्या मांडल्यात. "थांब. मघाशी एक बिनटिंबाचा गेला ना अगदी असाच? हा त्याचा पाठचा भाऊ. त्याच्या लगेच मागं." मघाशी म्हणजे तासाभरापूर्वी. मी कागद चाळायचो, तो असायचा. घराण्यांच्या बाबतीत तर लग्न जुळवणाऱ्या आत्याबाईच. "हे ई लावतात ना? मग त्यांना टिंबवाल्यांत घुसवू नको. दोन्हीकडं एकमेकांची पाटी लाव, बघा म्हणून. शोधणारा रिकाम्या हाती जायला नको."

मधेच सारसोळ्याची मावशी आली, दारातून डोकावली. "काय चाललंय गो ताय, जप करतास काय?"

"जागा देतोय सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या.

एकदाच त्या थबकल्या. मी तेलाचा शब्द वाचला होता. "अरे, हे सगळं ओळखीचं वाटायलंय. सफरचंदं, तेल... पहिल्या खंडातही होतं."

मी म्हटलं, "विषय एकच आहे ना."

"अस्सं," म्हणून त्या पुढे गेल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. तो टिकावा इतपतही मी नीट खोटं बोलत नव्हतो, तरी टिकला.

पुढच्या कॉलला प्राध्यापकांनी पुन्हा तशीच पानं पुढेमागे केली. या वेळी फार वेळ लागला. एका ठिकाणी बोट ठेवलं, ती एकमेकांकडे बोट दाखवणारी पाटी असावी, आणि मान हलवली. मग म्हणाले, "येत्स्ट श्टिम्ट एस." त्या मुलीने भाषांतर करायच्या आधीच मला कळलं. आता बरोबर आहे. एवढंच. नमस्कार नाही, माया नाही. चष्मा काढला, पुसला, आणि कॉल संपला.

मॅनेजरने माझी पाठ थोपटली. "मान गये. मॅडमशिवाय करून दाखवलंस." मी म्हणालो, थँक्यू. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची खुर्ची मला मिळाली, ती त्या दुरुस्तीच्या जोरावर. अजून मी त्याच खुर्चीत बसतो. नव्या मुलांना पोटुशीचा धडा देतो, लेखकाला विचारल्याशिवाय शब्द हलवू देत नाही. मुलं मागे मला काहीतरी नाव ठेवतात, ते मला आवडतं. काम छान चाललं आहे. तक्रार करण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि हीच गोष्ट कधीकधी टोचते.

मॅडमचंही छान चाललं आहे. दोन्ही डोळे लख्ख. नातीला त्यांनी खेळणी क्रमाने लावायला शिकवलंय. फोन केला की काका सांगतात, "आता माझ्या गोळ्यांच्या पाकिटांवर आल्यात. बीपीची सापडते, बाकीच्यांसाठी हाक मारावी लागते."

गेल्या महिन्यात त्यांच्या सोसायटीच्या महिला मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. मॅडमनी मला बोलावलं. "तू दोन शब्द बोल. आणि तो निरोप सांग. ऐकायला तूच होतास." खालच्या हॉलमध्ये खुर्च्या, पुष्पगुच्छ, वड्यांचा वास. मी उभा राहिलो आणि ठरवून मसाल्यांच्या डब्यांचं सांगितलं, सेक्टरांचं सांगितलं, क्षीरसागरांचं सांगितलं. लोक पोट धरून हसले. मी बसायला वळलो तर पहिल्या रांगेतून हाक आली, "अरे लेकरा, निरोप राहिला की!"

माईक हातात होता. सगळी तोंडं माझ्याकडे. या वेळी काळा चष्मा नव्हता, त्यांचे डोळे स्वच्छ दिसत होते. मी तो निरोप पुन्हा सांगितला. शब्द न् शब्द तोच. टाळ्या पडल्या. काकांनी शेजारी बसून मॅडमचा हात थोपटला.

नंतर वडा खाताना त्या मला म्हणाल्या, "एकच वाटतं बघ. ते पुस्तक लावायच्या वेळीच नेमकी मी पडून होते. मेहनत माझी, पण शेवटचा हात तुझा. नमस्कारातला अर्धा तुझाच."

मी वडा खाली ठेवला. 

मेहनतही त्यांची होती आणि शेवटचा हातही त्यांचा. डोळे मिटून, चादरीवर, तीन दुपारी. जे खोटं मी दिलं ते दागिन्यासारखं आहे, आणि जे खरं आहे ते तीन साधे शब्द आहेत. ते तीन शब्द त्यांना द्यायचे तर दागिना उतरवून घ्यावा लागेल, आणि या वयात, ते हसणं पाहिल्यावर, ते माझ्याने होत नव्हतं. खरं तर मला दुसरीच भीती आहे. दागिना गेला तरी त्या उभ्या राहतील. मी कुठे बसेन ते ठरत नाही.

पण हे आता लिहिलं आहे. कुठे छापून आलं तर सगळ्यांआधी तुम्ही वाचाल, आणि मग कधीतरी कुणीतरी त्यांना वाचून दाखवेल. म्हणजे त्यांच्याच गोष्टीच्या पंगतीत मी त्यांना शेवटी बसवलं असं होईल. ते एकदा करून झालंय. म्हणून हे कागद पाकिटात घालण्याआधी मला नेरुळला जायचं आहे.

ते पुस्तक त्यांनी लावलं, हे त्यांच्या तोंडावर सांगायचं देणं मी लागतो. आणि ते तीन शब्द : आता बरोबर आहे.